वीजदर ठरवताना तुमच्या वतीने कोण बोलतं? जनसुनावणी आणि ग्राहक प्रतिनिधींची गोष्ट

वीजबिल हातात आलं की आधी आकडा बघितला जातो, मग कपाळाला आठ्या पडतात आणि मग बिलाचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो. "ही तर लूट आहे" अशा चार-पाच प्रतिक्रिया येतात. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दुसरा विषय सुरू होतो.

पण त्या बिलातला दर ठरण्याआधी एक दिवस असा येऊन गेलेला असतो, जेव्हा कोणीही उभं राहून "हा दर चुकीचा आहे" असं अधिकृतपणे सांगू शकतं. समोर दर ठरवणारे लोक बसलेले असतात, बाजूला वीज कंपनीचे अधिकारी असतात आणि बोललेल्या मुद्द्यांची नोंद होते. या दिवसाला जनसुनावणी म्हणतात.

महावितरणचे ग्राहक पावणेतीन कोटींहून जास्त आहेत. सुनावणीला एवढे लोक येणार नाहीत, हे उघड आहे. मग सगळ्यांच्या वतीने बोलतं कोण? त्यांना हा अधिकार दिला कोणी? आणि त्यांच्या बोलण्याने खरंच काही बदलतं का?

समजून घेऊया.

आधी हे पाहू, वीजदर ठरवतं कोण?

अनेकांना वाटतं की वीजदर सरकार ठरवतं. काहींना वाटतं महावितरण ठरवतं. प्रत्यक्षात दर ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे. १९९८ च्या विद्युत नियामक आयोग कायद्यानुसार ५ ऑगस्ट १९९९ रोजी हा आयोग स्थापन झाला. आज तो २००३ च्या विद्युत कायद्यानुसार काम करतो. त्याचं कार्यालय मुंबईत कफ परेडला आहे. आयोगात अध्यक्षांसह जास्तीत जास्त तीन जण असतात.

महावितरण असो, बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानी असो, दर बदलायचा तर कंपनीला आयोगापुढे याचिका करावी लागते. "आमचा खर्च एवढा, अपेक्षित उत्पन्न एवढं, तूट एवढी, म्हणून दर असे ठेवा" असा या याचिकेचा साधारण आशय असतो.

कायद्याच्या कलम ६४ नुसार कंपनीला या याचिकेचा सारांश जाहीर करावा लागतो. लोकांकडून आलेल्या सगळ्या सूचना आणि हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांच्या आत निर्णय द्यायचा, असंही हेच कलम सांगतं.

म्हणजे लोकांचं म्हणणं ऐकणं हा आयोगाचा मोठेपणा नाही. ती कायद्याने घातलेली अट आहे.

हा हक्क आला कुठून?

यासाठी नव्वदच्या दशकात जावं लागतं.

डिसेंबर १९९३ मध्ये तेव्हाच्या राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी वीज खरेदीचा करार केला. दराबाबत जाहीर सुनावणी घेणारा नियामक तेव्हा राज्यात नव्हता. करारातल्या अटी तर सामान्य माणसाच्या डोक्यावरून जाणाऱ्या होत्या. वीज घेतली नाही तरी प्रकल्पाच्या क्षमतेचे पैसे मंडळाने द्यायचे आणि परकीय चलनाचा भार सोसायचा, अशा त्या अटी.

या कराराच्या विरोधात मोर्चे निघाले, राजकीय भाषणं झाली. त्याच काळात पुण्यातल्या 'प्रयास' संस्थेच्या अभ्यासकांनी वेगळं काम केलं. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी कराराचं तांत्रिक आणि आर्थिक विश्लेषण करून ते लोकांपुढे ठेवलं. वीज नेमकी किती महाग पडेल आणि मंडळावर किती बोजा येईल, याची गणितं त्यात होती.

ऑगस्ट १९९५ मध्ये राज्यात नव्याने आलेल्या युती सरकारने करार रद्द केला आणि पुढे नव्या वाटाघाटी करून तो पुन्हा मान्य केला. १९९९ मध्ये प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये वीज महाग आणि देणी थकलेली अशा वादात तो बंद पडला.

या प्रकरणातून महाराष्ट्राला एक महागडा धडा मिळाला. विजेचे निर्णय बंद खोलीत झाले की बिल मात्र सगळ्यांना भरावं लागतं.

आयोग आल्यावर ही खोली थोडी उघडली. पण ग्राहकांना बोलण्याचा हक्क खरंच आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रकरण पश्चिम बंगालमधलं होतं. दर ठरवताना ग्राहकांना सरसकट ऐकण्याची गरज नाही, अशी भूमिका कोलकाता उच्च न्यायालयाने घेतली होती. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. कायद्यानेच ग्राहकांना हा हक्क दिला आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. सोबत एक व्यवहार्य गोष्टही सांगितली. प्रत्येक ग्राहकाला ऐकत बसणं शक्य नाही, म्हणून सुनावणी आटोपशीर कशी ठेवायची याचे नियम आयोग करू शकतो.

इथेच प्रतिनिधीची गरज तयार होते.

ग्राहक प्रतिनिधी म्हणजे नेमकं कोण?

२००३ च्या कायद्याचं कलम ९४(३) छोटंसं आहे. आयोगापुढच्या कामकाजात ग्राहकांचं हित मांडण्यासाठी आयोग योग्य वाटेल त्या व्यक्तीला अधिकार देऊ शकतो, असं ते सांगतं.

महाराष्ट्रात या कलमाखाली सुरुवातीपासून चार संस्थांची नावं घेतली जातात: पुण्याची 'प्रयास', मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन. या अधिकृत प्रतिनिधींना याचिकेची कागदपत्रं मिळतात आणि त्यांचं म्हणणं कामकाजात ऐकलं जातं.

यादीच्या बाहेरचे आवाजही असतात. इचलकरंजीचे प्रताप होगाडे महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेच्या वतीने वर्षानुवर्षं या विषयावर बोलत आले आहेत. यंत्रमागांच्या गावातून आलेला हा आवाज शेतीपंप, घरगुती ग्राहक आणि छोट्या उद्योगांचे प्रश्न मांडतो. शेतकरी संघटना, व्यापाऱ्यांच्या संघटना, गृहनिर्माण सोसायट्या, राजकीय पक्षांचे कार्यकर्ते हेही सुनावणीला येतात. एकटादुकटा ग्राहकही बोलू शकतो.

पण ग्राहक म्हणजे एकच गट आहे का?

नाही. आणि हा या विषयाचा सर्वांत अवघड भाग आहे.

समजा, एक युनिट वीज घरापर्यंत पोहोचवायला सरासरी ९ रुपये लागतात. आता कारखान्याला ती साडेदहा रुपयांना विकली आणि शेतीपंपाला साडेचार रुपयांना दिली, तर कारखाना शेतकऱ्याच्या विजेचा काही भार उचलतोय. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, पण पद्धत खरी आहे. तिला क्रॉस सबसिडी म्हणतात.

कायदा सांगतो की ही क्रॉस सबसिडी हळूहळू कमी करा. केंद्राच्या वीजदर धोरणानुसार कोणत्याही गटाचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या २० टक्के वर किंवा खाली, एवढ्याच पट्ट्यात असावा.

आता सुनावणीत काय होतं बघा. उद्योगांचा प्रतिनिधी उठतो आणि म्हणतो, "क्रॉस सबसिडी कमी करा, नाहीतर कारखाने शेजारच्या राज्यात जातील." त्याचं म्हणणं चूक नसतं. मग शेतकरी संघटनेचा माणूस उठतो, "वीज रात्री देता, कमी दाबाने देता, वर दर वाढवता?" त्याचंही म्हणणं चूक नसतं. पाठोपाठ घरगुती ग्राहक विचारतो, "१०० युनिटच्या आतल्या माणसाने जगायचं कसं?" आणि छतावर सोलर पॅनेल बसवलेला ग्राहक सांगतो, "दिवसा तयार केलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा करायची सोय काढू नका." २०२५ च्या फेब्रुवारीतल्या सुनावण्यांमध्ये सोलरचा हा मुद्दा बऱ्याच जणांनी मांडला होता.

चौघेही ग्राहकच आहेत. पण एकाला मिळालेली सवलत बहुतेक वेळा दुसऱ्याच्या बिलात जाऊन बसते.

म्हणून कोणी "ग्राहकांच्या वतीने" बोलतो म्हणाला, तर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. कोणत्या ग्राहकांच्या? उद्योगांच्या संघटनेने उद्योगांची बाजू मांडण्यात काहीच गैर नाही. गडबड तेव्हा होते, जेव्हा एका गटाची मागणी "सर्वसामान्यांची मागणी" म्हणून पुढे येते.

मग चौघांच्या फायद्याचं काही असतं का?

असतं. ते म्हणजे एकूण खर्चच कमी करायला लावणं. वाटणीवर भांडण्याआधी बिलाची एकूण रक्कम तपासणं. चांगला प्रतिनिधी इथेच ओळखू येतो.

वीज वितरण कंपनीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीज खरेदीचा असतो. स्वस्त वीज उपलब्ध असताना महाग वीज का घेतली? बंद असलेल्या वीज केंद्राला पैसे का दिले? भांडवली खर्च दाखवला, ते काम प्रत्यक्षात झालं का? असे प्रश्न लागू पडले, तर खर्च सगळ्यांसाठीच कमी होतो.

गळतीचं उदाहरण घ्या. समजा कंपनीने १०० युनिट वीज यंत्रणेत सोडली आणि ७० युनिटचं बिल मीटर बघून झालं. उरलेल्या ३० पैकी १० युनिट शेतीपंपांनी वापरली आणि २० युनिट तारांमधून, चोरीतून वाया गेली. आता अनेक शेतीपंपांना मीटर नाही. त्यांचं बिल पंपाच्या अश्वशक्तीवर निघतं, म्हणजे वापर अंदाजाने धरला जातो. कंपनीने हा अंदाज १० ऐवजी १८ युनिट धरला, तर गळती २० वरून थेट १२ वर येते. कागदावर कारभार सुधारला, शेतकरी जास्त वीज खाणारा ठरला आणि प्रत्यक्षात एक तारही बदलली नाही.

महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. वीज मंडळ अनेक वर्षं कमी दाखवत असलेली गळती प्रत्यक्षात बरीच जास्त आहे, हे २००० च्या आसपास आयोगापुढच्या छाननीत समोर आलं. आजही शेतीपंपांचा वापर फुगवून दाखवला जातो, असा आक्षेप महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना सातत्याने घेते. राज्यात जवळपास ४५ लाख शेतीपंप आहेत. त्यामुळे अंदाजातला छोटा फरकही मोठ्या रकमेत जातो.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकार मोफत वीज देतं. मग आता या आकड्याचं काय महत्त्व, असं वाटू शकतं. उलट महत्त्व वाढलं आहे. शेतकऱ्याच्या वतीने महावितरणला पैसे सरकार देणार, म्हणजे करदाता देणार. पंपाने नक्की किती वीज वापरली, हे आता त्याच्याही खिशाशी जोडलेलं आहे.

सुनावणीत कसं बोललं तर ऐकलं जातं?

सुनावणीत राग काढणारे बरेच असतात. टाळ्याही त्यांनाच मिळतात. पण आयोग हे अर्धन्यायिक व्यासपीठ आहे. त्याला आदेशात कारणं लिहावी लागतात आणि घोषणा हे कारण होऊ शकत नाही.

प्रभावी हरकतीत साधारण चार गोष्टी असतात.

- मुद्दा कुठला: याचिकेतलं कोणतं पान, कोणता तक्ता, कोणता आकडा.
- चूक काय: आकडा मागच्या आदेशाशी जुळत नाही, नियमात बसत नाही किंवा त्याला पुरावा नाही.
- परिणाम कोणावर: कोणत्या गटाच्या बिलात किती फरक पडतो.
- मागणी काय: हा खर्च नामंजूर करा, हा दर असा ठेवा, ही माहिती जाहीर करा.

"दरवाढ अन्यायकारक आहे" या वाक्याला कंपनी एका ओळीत उत्तर देते. "अमुक तक्त्यातला देखभाल खर्च मागच्या वर्षीच्या मंजूर रकमेपेक्षा जास्त का?" या प्रश्नाला मात्र कागद काढावे लागतात.

हे काम वेळखाऊ आहे. याचिका आणि तिची जोडपत्रं शेकडो पानांची असतात, बरीचशी इंग्रजीत. कंपनीकडे त्यासाठी अधिकारी, वकील, सल्लागार असतात आणि त्यांचा खर्च शेवटी दरातूनच निघतो. म्हणजे आपल्या विरोधात मांडल्या जाणाऱ्या बाजूची फीसुद्धा ग्राहकच भरतो. समोरच्या बाकावर बहुतेक वेळा नोकरी सांभाळून आलेले कार्यकर्ते, निवृत्त अभियंते आणि मोजके पूर्णवेळ अभ्यासक असतात.

बोलून खरंच फरक पडतो का?

कधी पडतो, कधी नाही. आणि कधी पडलेला फरक टिकतच नाही.

ताजं उदाहरण २०२५ चं आहे. महावितरणच्या याचिकेवर फेब्रुवारीत सुनावण्या झाल्या. २८ मार्चला आयोगाने पुढच्या पाच वर्षांसाठी आदेश दिला आणि दर कमी केले. १ एप्रिलपासून ते लागू व्हायचे होते. महावितरणने हरकत घेतली, फेरविचार याचिका करणार असल्याचं सांगितलं आणि २ एप्रिलला आयोगाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली. २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला आणि १ जुलैपासून बदललेले दर लागू झाले.

यावर उद्योग आणि ग्राहक संघटना संतापल्या. त्यांचा आक्षेप फक्त दराच्या आकड्यावर नव्हता. मूळ आदेशाआधी लोकांना ऐकलं, मग तो एवढा बदलताना तसंच जाहीरपणे का ऐकलं नाही, हा त्यांचा प्रश्न होता. वाद मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला.

मुद्दा साधा आहे. सुनावणीत मिळवलेली गोष्ट मागच्या दाराने जाऊ शकत असेल, तर पुढच्या वेळी सुट्टी टाकून सुनावणीला कोण येईल?

आयोगाचा आदेश मान्य नसेल, तर दिल्लीतल्या विद्युत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं आणि तिथून कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात. हा रस्ता आहे, पण लांब आणि खर्चिक आहे.

रस्त्यावर उतरणं जास्त सोपं नाही का?

काही वेळा तेही चालतं. २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला राज्यभर विरोध झाला. निवेदनं, मोर्चे, पत्रकार परिषदा झाल्या. जूनमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचं जाहीर केलं. विधानसभा निवडणूक तोंडावर होती, हेही लक्षात घ्यायला हवं.

पण राजकीय घोषणा आणि आयोगाचा आदेश यांत फरक आहे. घोषणेचा अर्थ पुढे बदलू शकतो. आदेशात लिहिलेलं वाक्य बदलायला पुन्हा प्रक्रिया करावी लागते. अनुभवी प्रतिनिधी म्हणूनच दोन्ही हातांनी काम करतात. बाहेर लोकांना विषय सोप्या भाषेत सांगतात आणि आत तोच विषय आकड्यांत मांडतात. बाहेर एक आणि आत दुसरंच बोलणारा प्रतिनिधी फार काळ टिकत नाही.

प्रतिनिधीवर लक्ष कोण ठेवणार?

भारतात लॉबिंगचं नियमन करणारा स्वतंत्र कायदा नाही. एखादी संघटना कोणाच्या पैशावर चालते आणि धोरणाबद्दल कोणाच्या वतीने बोलते, हे जाहीर करण्याचं सर्वसाधारण बंधन नाही. ग्राहक प्रतिनिधीला मत देऊन निवडलेलंही नसतं. मग त्याला जाब कसा विचारायचा?

एक सोपा मार्ग आयोगाच्या आदेशातच आहे. दराच्या आदेशात लोकांच्या हरकती, त्यावर कंपनीचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय असं क्रमाने लिहिलेलं असतं. आदेश संकेतस्थळावर मिळतो. तुमच्या नावाने बोलणारी संघटना तिथे काय बोलली, हे तिच्या फेसबुक पोस्टवरून नाही, तर या पानांवरून तपासता येतं.

तिला चार प्रश्नही विचारता येतात. तुमचे सदस्य कोण? पैसा कुठून येतो? ही भूमिका सदस्यांना विचारून ठरवली का? आणि आमच्या मागणीचा भार कोणावर पडेल, हे तुम्ही उघडपणे सांगता का?

तुम्हाला बोलायचं असेल तर?

दरवाढीची याचिका दाखल झाली की वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते. हरकत कुठे पाठवायची, शेवटची तारीख कोणती, सुनावणी कुठे आणि कधी, हे त्यात असतं. महावितरणच्या सुनावण्या फक्त मुंबई परिसरात होत नाहीत. नवी मुंबईबरोबर पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशा शहरांतही त्या होत आल्या आहेत. हरकत मराठीतूनही देता येते.

सगळी याचिका वाचायची गरज नाही. घरातलं बिल घ्या. त्यातला स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार बघा. त्याखाली वीज शुल्क दिसेल. तो राज्य सरकारचा कर आहे, आयोग तो कमी करू शकत नाही. म्हणजे त्याबद्दलचा राग आमदाराकडे न्यायचा, आयोगाकडे नाही. उरलेल्यातला एक आकडा निवडा आणि त्यावर एक पान लिहा. सोसायटीच्या किंवा ग्रामसभेच्या ठरावासह पाठवलंत, तर त्यामागे किती लोक आहेत हेही कळतं.

व्हॉट्सअॅपवर टाकलेल्या बिलाच्या फोटोला उत्तर द्यायला कोणीही बांधील नाही. मुदतीत दिलेल्या त्या एका पानाचा विचार करणं मात्र आयोगाला कायद्याने भाग आहे.